दरड, तकदीर आणि तवक्कुल

कर्जतहून पनवेलकडे गाडी निघाली की चौकच्या परिसरात इर्शाळगडाचा सुळका दिसतो. त्याच्या कुशीत, खालापूर तालुक्याच्या हद्दीत, ठाकरांची इर्शाळवाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगराचा कडा तिच्यावर कोसळला. सरकारी नोंदीप्रमाणे वाडीत ४८ घरे आणि २२८ माणसे होती. २७ मृतदेह हाती लागले. २३ जुलैला शोध थांबला तेव्हा ५७ माणसे मातीखालीच राहिली. त्यांच्यासाठी डोंगर हीच कबर झाली.

अशा वेळी एक वाक्य हमखास कानावर येते : देवाची मर्जी. आपल्या घरांतूनही 'अल्लाह की मर्जी' म्हटले जाते. हे वाक्य खोटे नाही. पण ते कोणाच्या तोंडी आहे, यावर त्याचा अर्थ ठरतो.

इस्लामच्या इतिहासात हा प्रश्न फार लवकर उभा राहिला. इसवी सन ६३८-६३९ च्या सुमारास खलिफा हजरत उमर शामकडे निघाले होते. सरग येथे त्यांना पुढे प्लेग पसरल्याची खबर मिळाली. सल्लामसलत करून त्यांनी परत फिरायचे ठरवले. सेनापती हजरत अबू उबैदा यांना ते रुचले नाही. अल्लाहच्या तकदीरपासून पळायचे, असा त्यांचा सवाल होता. उमर म्हणाले की आपण एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडेच जात आहोत. त्यांनी दाखला दिला दरीच्या दोन उतारांचा. एक हिरवा, एक उजाड. उंट कुठेही चारा, तकदीर अल्लाहचीच. पण हिरवा उतार निवडणे हे राखणदाराचे काम.

अबू उबैदा मात्र आपल्या माणसांत राहिले आणि त्याच साथीत गेले. परत फिरणाऱ्याचा तवक्कुल खरा होता आणि थांबणाऱ्याचाही.

इर्शाळवाडीत राखणदार कोण होता? तीन दिवसांत ४९९ मिलिमीटर पाऊस झाल्याचे विधानसभेत सांगितले गेले. दरडप्रवण गावांच्या यादीत ही वाडी नव्हती, हेही तिथेच सांगितले गेले. वर जायला गाडीरस्ता नव्हता. यंत्रे पोचली नाहीत. माणसांनी चढून जाऊन हातांनी माती उपसली. ज्याच्या हाती यादी आणि रस्ता होता, त्याने 'मर्जी' हा शब्द वापरू नये. तो शब्द ज्याचे घर गेले त्याचा आहे. त्याने तो उच्चारला तर तो सब्र. इतरांनी उच्चारला तर ती पळवाट.

आणि रहमत? वाडीतली काही मुले त्या रात्री आश्रमशाळेत होती, म्हणून वाचली. त्यांचे आईबाप मात्र वाचले नाहीत. याचे गणित मांडायला जाऊ नये. ते मांडता येत नाही. प्लेगने जाणाऱ्याला आणि ढिगाऱ्याखाली दबून मरणाऱ्याला पैगंबरसाहेबांनी शहीदांत गणले आहे. हे ठाकर, त्यांची श्रद्धा वेगळी. पण रहमान ज्याचे नाव आहे, त्याच्या रहमतीची हद्द आखणारे आपण कोण? हात वर करून दुआ मागणे आपले. आणि पुढच्या पावसाळ्याआधी उजाड उतारावरच्या वाड्या हलवायला लावणे, हेही आपलेच.