फायबरग्लासचा जलतरण तलाव घेण्यापूर्वी...

कारखान्यात तयार झालेला तलाव ट्रेलरवरून आणायचा, क्रेनने खड्ड्यात उतरवायचा आणि थोड्याच दिवसांत त्यात पोहायचे, हे फायबरग्लासच्या तलावाचे मोठे आकर्षण. काँक्रीटच्या तलावाला काही महिने लागतात. त्यामुळे बंगल्याचे अंगण, गृहनिर्माण संस्थेचे आवार किंवा इमारतीची गच्ची यांसाठी या तयार तलावाचा विचार होतो. मात्र ज्या हलकेपणामुळे तो झटपट बसतो, तोच हलकेपणा जोगेश्वरीसारख्या ठिकाणी त्याचा मोठा दोष ठरू शकतो.

रिकामा तलाव आणि भूजल

काचतंतू आणि रेझिन यांच्या थरांनी बनलेले हे एकसंध कवच असते. सहा मीटर लांब व तीन मीटर रुंद कवचाचे वजन टनभरही नसते. ते जमिनीत स्थिर राहते ते मुख्यतः आतल्या पाण्याच्या भारामुळे. सफाईसाठी तलाव रिकामा केला आणि बाहेर साठलेले भूजल तळापासून जेमतेम ६० सेंटिमीटर वर आले, तरी या आकाराच्या कवचाला खालून १० टनांहून अधिक रेटा मिळतो. कवच वर उचलले जाते किंवा त्याला तडा जातो.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. असा दिवस विरळा असला, तरी ओशिवरा नदीलगतच्या सखल पट्ट्यात भूजल वर येण्यास नेहमीचा पावसाळाही पुरतो. पूर्वेकडे कातळ असल्याने धोका टळतो, असेही नाही. खडकात खोदलेला खड्डा वाडग्यासारखा पाणी धरून ठेवतो. जोगेश्वरीच्या लेण्यांत पावसाळ्यात साचणारे पाणी हे त्याचेच उदाहरण. म्हणून तलावाच्या तळाशी निचऱ्याची व्यवस्था आणि बाजूला पाण्याची पातळी पाहण्यासाठी उभा पाइप हवाच. पावसाळ्यात तलाव रिकामा करू नये.

गच्चीवर भार पाण्याचा

गच्चीवर मात्र गणित उलटते. कवच हलके असले, तरी पाणी हलके नसते. १.२ मीटर खोल पाण्याचा भार प्रत्येक चौरस मीटरला १,२०० किलो होतो. निवासी इमारतीच्या वापरात असलेल्या गच्चीचा स्लॅब साधारणपणे प्रति चौरस मीटर १५० किलोच्या वापरभारासाठी आखलेला असतो. हा भार आठपट आहे. संरचना अभियंत्याचा लेखी अहवाल आणि महापालिकेची परवानगी यांखेरीज असा तलाव बसवणे म्हणजे खालच्या मजल्यांवरील रहिवाशांचा जीव धोक्यात घालणे होय.

रस्त्याएवढीच रुंदी

कवचाचे तुकडे होत नाहीत. रस्त्यावरील वाहनाच्या रुंदीची सर्वसाधारण मर्यादा २.६ मीटर आहे. त्याहून रुंद कवचासाठी विशेष परवानगी लागते. जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यापर्यंत आलेला ट्रेलर आतल्या गल्लीत वळेलच, याची खात्री नसते. डोक्यावरील वीजतारा, झाडे आणि क्रेन उभी करण्यास जागा आहे का, हे आधी पाहावे. शिवाय आकार साच्याबरहुकूमच मिळतो. जागेप्रमाणे खोली वा वळण बदलता येत नाही.

पृष्ठभागाची निगा

आतील जेलकोटचा थर गुळगुळीत असल्याने शेवाळ कमी धरते, हा गुण मान्य करायला हवा. परंतु उन्हाने आणि क्लोरिनच्या अतिरेकाने त्याचा रंग फिका पडतो. दर्जा निकृष्ट असल्यास थरात पाणी शिरून फोड येतात. दुरुस्ती होते, पण नव्या ठिगळाचा रंग जुन्या भागाशी क्वचितच जुळतो. भोवतीचा भराव नीट दाबला नसेल, तर कवच फुगते वा खचते. मोडीत निघालेल्या फायबरग्लासचा पुनर्वापरही कठीण आहे.

खरेदीपूर्वी विचारावे

हमी केवळ कवचाची आहे की बसवण्याचीही? भूजलाच्या दाबाने झालेले नुकसान तीत धरले आहे का? भराव कशाचा घालणार? निचऱ्याचा खर्च किमतीत आहे का? याची उत्तरे लेखी घ्यावीत. शक्य असल्यास त्याच विक्रेत्याने बसवलेला, किमान दोन-तीन पावसाळे पाहिलेला तलाव प्रत्यक्ष जाऊन पाहावा. जागेची आणि भूजलाची परीक्षा अनुकूल ठरली, तर फायबरग्लास सोयीचे आहे. ती न झाल्यास वाचलेले महिने पुढे दुरुस्तीत खर्ची पडू शकतात.