फुकटच्या अँटीव्हायरसचं बिल कोण भरतं?



गेल्या रविवारी नेहमीप्रमाणे साताऱ्याला फोन लावला, तर बाबा कॉम्प्युटरसमोर वैतागून बसलेले. अँटीव्हायरसची मुदत संपली होती आणि कोपऱ्यात सारखी लाल खिडकी उघडत होती. "दुकानवाला म्हणतोय नवीन घ्या. तू एखादं फुकटचं चांगलं सांग की."

"बघून सांगतो," म्हटलं आणि फोन ठेवल्यावर माझं मलाच नवल वाटलं. २००८ साली होस्टेलवर कोणी हा प्रश्न विचारला असता तर मी वाक्य पूर्ण व्हायच्या आत उत्तर दिलं असतं. आता पंधरा वर्षं याच धंद्यात काढूनही पटकन बोलवेना. बाबांची पेन्शन, एफडी, लाइट बिल सगळं त्या एका मशीनवर चालतं. चूक झाली तर इथून मी फक्त फोनवर हळहळू शकतो. म्हणून म्हटलं, जरा मागे जाऊन बघू की हे फुकट प्रकरण सुरू कसं झालं.

पीसीवरचा पहिला गाजलेला व्हायरस 'ब्रेन'. १९८६ चा, लाहोरचा. अमजद आणि बासित फारुक अल्वी या भावांनी त्यात स्वतःचं नाव, पत्ता आणि फोन नंबरसुद्धा घातला होता! तो फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये बसायचा आणि फ्लॉपीबरोबर जगभर फिरला. त्याच्याबद्दल वाचून कॅलिफोर्नियातल्या जॉन मॅकॅफी नावाच्या प्रोग्रॅमरने १९८७ मध्ये आपली कंपनी काढली. या माणसाचं पुढचं आयुष्य म्हणजे एक वेगळी कादंबरी आहे (शेवट २०२१ मध्ये बार्सिलोनाजवळच्या तुरुंगात झाला), पण धंद्याची नस त्याने अचूक ओळखली. सॉफ्टवेअर डब्यात घालून दुकानात ठेवण्याऐवजी त्याने ते मोडेमवरच्या बुलेटिन बोर्डांवर सोडून दिलं. घ्या, वापरा. घरी वापरणाऱ्यांकडून पैसे आले तर आले. पण तेच लोक सोमवारी ऑफिसला जाऊन साहेबाला सांगायचे, हे आपल्याकडेही पाहिजे. आणि कंपन्यांना परवाना विकत घ्यावाच लागायचा.

म्हणजे घरच्या माणसाचं बिल त्याचं ऑफिस भरत होतं. व्यवहार सरळ होता. भीतीचा हातभार होताच म्हणा. ६ मार्च १९९२ ला 'मायकेलअँजेलो' व्हायरस उठणार आणि पन्नास लाखांपर्यंत मशीन झोपणार असे आकडे मॅकॅफीच्या नावावर छापून आले. प्रत्यक्षात काही हजार झोपली. अँटीव्हायरसची विक्री मात्र जोरात झाली.

आपल्याकडे त्याच काळात पुण्यात कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्तीतून कॉम्प्युटर दुरुस्तीकडे वळले होते. शिक्षण दहावीपर्यंत. दुरुस्तीला येणारी निम्मी मशीन व्हायरसने आजारी, म्हणून कॉम्प्युटर शिकणाऱ्या धाकट्या भावाने, संजयने, ते काढायचे प्रोग्रॅम लिहिले. त्यातून क्विक हील उभं राहिलं आणि २०१६ मध्ये शेअर बाजारातही गेलं. हे मॉडेल फुकटचं नव्हतं. गल्लीतल्या दुरुस्तीवाल्यामार्फत विकायचं आणि अडलं तर त्यालाच बोलवायचं. आपल्याकडे हा माणूस हीच खरी सेवा होती. बाबांचा तो दुकानवाला म्हणजे याच परंपरेतला, त्याला उगाच नावं ठेवू नयेत.

फुकटचा खरा सुकाळ आला तो चेक लोकांमुळे. प्रागमधल्या पाव्हेल बाउदिशच्या हाती १९८८ मध्ये 'व्हिएन्ना' व्हायरस लागला. त्याने त्यावर उतारा लिहिला आणि एदुआर्द कुचेराबरोबर आल्विल नावाची सहकारी संस्था काढली. तेव्हा तिकडे कम्युनिस्ट राजवट होती, खासगी कंपनी काढायची सोय नव्हती. त्यांचं अव्हास्ट. तिकडे ब्रनो गावात १९९१ मध्ये ग्रिसॉफ्ट सुरू झाली, तिचं एव्हीजी. अमेरिकन कंपन्यांपुढे जाहिरातीला पैसा कुठून आणणार? म्हणून २००१ मध्ये अव्हास्टने घरगुती आवृत्ती फुकट केली. एव्हीजीचीही फुकट आवृत्ती होतीच. जर्मनीहून अविरा, ती लाल छत्री. हिशोब पुन्हा मॅकॅफीचाच होता: घरी फुकट, ऑफिसात पैसे. शंभरातल्या दोघा-चौघांनी जरी पुढची आवृत्ती विकत घेतली तरी बाकीचे जाहिरात करायला मोकळे!

आमचं होस्टेल म्हणजे या जाहिरातीचा जिवंत पुरावा. पेन ड्राइव्ह या रूमवरून त्या रूमवर फिरायचा आणि 'न्यू फोल्डर डॉट ईएक्सई' त्याच्याबरोबर. फोल्डरचं चित्र लावलेला तो प्रोग्रॅम उघडला की संपलं. नाहीतर ऑटोरन होतंच, काही उघडायचीही गरज नाही. (ही खोड मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ मध्ये काढली, जुन्या विंडोजला २०११ मध्ये अपडेट दिलं. तोवर आमची डिग्री झाली होती.) रूमवर नेट नव्हतं, म्हणून कोणीतरी कॅफेतून अपडेटची फाइल आणायचा आणि त्याच पेन ड्राइव्हवरून ती सगळ्यांना द्यायचा. रात्री अडीचला कुठल्यातरी खोलीतून अव्हास्टची बाई व्हायरस डेटाबेस अपडेट झाल्याची घोषणा करायची आणि पाच जणांची झोप उडायची. अविरा रोज एकदा विकत घ्या म्हणून खिडकी उघडायचं. ती खिडकी हीच त्याची किंमत, असं आम्ही समजायचो. पुढे सुट्टीत घरी गेलो की नात्यातल्या, शेजारपाजारच्या मशीनवर असली फुकटची अँटीव्हायरस मीच टाकून देत असे. परवानगीच्या पानावर न वाचता 'नेक्स्ट, नेक्स्ट' दाबणारं बोट माझंच.

आता इथे गाडी वळते. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने सिक्युरिटी एसेन्शियल्स फुकट दिलं. त्याआधी २००६ मध्ये त्यांनी वनकेअर नावाने वर्षाला पन्नास डॉलर मागून बघितले होते, जमलं नाही. २०१२ च्या विंडोज ८ पासून डिफेंडर मशीनबरोबरच येऊ लागलं. सुरुवातीला ते यथातथाच होतं. त्याच सुमारास एसेन्शियल्सला एव्ही-टेस्ट या जर्मन प्रयोगशाळेचं प्रमाणपत्रही नाकारलं गेलं होतं. पण २०१९ पर्यंत डिफेंडरला त्याच प्रयोगशाळेकडून पूर्ण गुण मिळू लागले. विंडोजमध्येच आयतं असेल तर बाकीच्यांनी विकायचं काय? आणि फुकट वापरणारे कोट्यवधी लोक सांभाळायचे कसे?

उत्तर त्यांच्याकडेच पडलं होतं. अँटीव्हायरस मशीनमध्ये सगळ्यात खोल बसतं, प्रत्येक फाइल आणि प्रत्येक वेबसाइटचा पत्ता त्याच्या नजरेखालून जातो. घाणेरड्या साइट अडवायच्या तर तसं बघावंच लागतं. एव्हीजीने २०१५ मध्ये आपल्या धोरणात उघडच लिहिलं की ब्राउझिंगचा इतिहास, नाव-गाव काढून, आम्ही विकू शकतो. पुष्कळ ओरड झाली. २०१६ मध्ये अव्हास्टने एव्हीजी १.३ अब्ज डॉलरला विकत घेतलं. ऑक्टोबर २०१९ मध्ये व्लादिमिर पालांट या प्रोग्रॅमरने दाखवून दिलं की अव्हास्टचं ब्राउझर एक्स्टेन्शन गरजेपेक्षा फार जास्त माहिती बाहेर पाठवतंय. जानेवारी २०२० मध्ये मदरबोर्ड आणि पीसीमॅगने पुढचा भाग छापला. ही माहिती जम्पशॉट नावाची अव्हास्टचीच उपकंपनी मोठमोठ्या कंपन्यांना विकत होती. गूगलवरचे शोध, नकाशावर पाहिलेली ठिकाणं, बघितलेले व्हिडिओ, सेकंदापर्यंतच्या वेळेसकट. नाव काढलेलं होतं, पण वेळ आणि पत्ता इतका नेमका असेल तर एखाद्या दुकानाला स्वतःच्या विक्रीच्या नोंदींशी जुळवून माणूस ओळखणं अवघड नाही. काही दिवसांत जम्पशॉट बंद केलं गेलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १ कोटी ६५ लाख डॉलर वसूल करण्याचा आणि जाहिरातींसाठी अशी माहिती विकायला बंदीचा आदेश काढला. त्यांच्या म्हणण्यानुसार २०१४ ते २०२० या काळात शंभराहून जास्त गिऱ्हाईकांना माल गेला होता.

मला खटकलं ते हे की सॉफ्टवेअर स्वतःच्या कामात मुळीच वाईट नव्हतं. व्हायरस उत्तम पकडत होतं. होस्टेलवर आम्ही तेवढंच बघत होतो, गुणांचे तक्ते. बिल कोण भरतं हे विचारावं असं एकालाही सुचलं नाही, आणि आम्ही सगळे इंजिनिअर!

पुढचं थोडक्यात. जानेवारी २०२१ मध्ये नॉर्टनवाल्यांनी अविरा घेतलं, सप्टेंबर २०२२ मध्ये अव्हास्टशी विलीनीकरण पुरं झालं आणि कंपनीचं नाव झालं जेन डिजिटल. म्हणजे अव्हास्ट, एव्हीजी, अविरा यांत तुलना करणारे लेख आजही दिसतात, पण तिन्ही एकाच घरची पोरं आहेत. मधल्या काळात नॉर्टनमध्ये आणि अविरामध्ये तुमच्या मशीनवर क्रिप्टो खणायची सोयही आली होती, कमाईतले पंधरा टक्के कंपनीला. कॅस्परस्कीचं फुकट रूप २०१७ मध्ये आलं, पण जून २०२४ मध्ये अमेरिकेने रशियन कंपनी म्हणून विक्रीच बंद केली.

काल बाबांना पुन्हा फोन केला. स्क्रीन शेअर करून मुदत संपलेलं अँटीव्हायरस काढून टाकलं. ते निघाल्यावर डिफेंडर आपोआप चालू झालं. बँकेच्या कामासाठी ॲडमिन नसलेलं वेगळं अकाउंट करून दिलं, फोटो आणि कागदपत्रांची प्रत एका बाहेरच्या डिस्कवर घेऊन ती डिस्क कपाटात ठेवायला लावली. दुकानवाल्याला चार पैसे द्यायचेच असतील तर वर्षातून एकदा त्याच्याकडून मशीन साफ करून घ्या, असंही सांगितलं.

सगळं झाल्यावर बाबा म्हणाले, "मग मायक्रोसॉफ्टला काय मिळतं यातून?"

म्हटलं, "विंडोजला व्हायरसचं घर म्हणायचे बाबा, ते नाव पुसायचं होतं त्यांना. शिवाय तुम्ही मशीन घेताना विंडोजचे पैसे दिलेच होते की."

"अच्छा. म्हणजे आधीच घेतले," बाबा म्हणाले. "बरं, आता मोबाइलचं बघ. त्यात कालपासून एक ॲप सांगतंय की माझ्या फोनमध्ये सतरा व्हायरस आहेत."

त्याच्यावरच आज रात्री बसायचंय.