चेरींच्या हंगामाचे गाणे

फ्रेंच भाषेत ‘ल तां दे स्रीज’ म्हणजे ‘चेरींचा हंगाम’ या नावाचे एक प्रेमगीत आहे. अर्थ पाहू गेल्यास अगदी साधा. चेरी पिकल्या की पाखरे गातील, सुंदर मुलींच्या डोक्यात खुळे विचार येतील, प्रेमिकांची जोडपी फळे तोडायला निघतील आणि चेरींचे डूल कानांत घालण्याची स्वप्ने पाहतील. (एका देठाला दोन चेरी लटकतात, त्या कानावर अडकवल्या की झाला डूल!) पण हा हंगाम थोड्या दिवसांचा. पानांआड गळणारी फळे कवीला रक्ताच्या थेंबांसारखी दिसतात, आणि शेवटी तो सांगतो की, त्या दिवसांची एक उघडी जखम आपण अजून उरात वागवीत आहोत.

रक्त आणि जखम हे शब्द ऐकून पुष्कळांची समजूत होते की, हे गाणे १८७१ च्या पॅरिसमधील उठावावर रचलेले असावे. तसे मुळीच नाही. झां-बातिस्त क्लेमां याने ते १८६६ साली लिहिले आणि आंत्वान रनार या गायकाने त्याला चाल लावली. थंडीने कुडकुडणाऱ्या कवीने एका उबदार कोटाच्या बदल्यात गाणे रनारला देऊन टाकले, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, मोठी गोड आहे.

मग १८७१ चा वसंत आला. प्रशियाशी झालेल्या युद्धात फ्रान्स हरला होता आणि वेढ्यातल्या उपासमारीने पॅरिस गांजले होते. मार्च महिन्यात शहराने सरकारविरुद्ध उठून आपला स्वतंत्र कारभार उभारला, तोच कम्यून. क्लेमां त्यावर निवडून आला. हा कारभार टिकला अवघे ७२ दिवस. मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात सरकारी फौजा शहरात शिरल्या आणि हजारो माणसे मारली गेली. २८ मे, रविवार. फोंतेन-ओ-र्वा रस्त्यावरच्या मोर्चाशी क्लेमां होता. तेथे लुईझ नावाची एक कामकरी तरुणी जखमींची शुश्रूषा करण्यास आली, आणि जा म्हटले तरी गेली नाही. पुढे तिचे काय झाले, हे क्लेमांला कधीच कळले नाही. (तिलाच कोणी प्रख्यात लुईझ मिशेल समजतात, ती निराळी.)

क्लेमां लंडनला निसटला. १८८० साली सर्वांना माफी मिळाल्यावर मायदेशी परतला, आणि १८८५ साली आपल्या गीतसंग्रहात हे जुने प्रेमगीत त्याने या लुईझला अर्पण केले. गाण्यातला शब्दही बदलला नाही. बदलली ती केवळ ऐकणाऱ्याची दृष्टी.

गंमत अशी की, त्या कत्तलीवर क्लेमांने १८७१ सालीच ‘रक्तरंजित आठवडा’ या नावाचे एक जळजळीत गीत लिहिले होते. परंतु लोकांच्या ओठी राहिले ते चेरींचेच. मला यात नवल वाटत नाही. आवेशाचे गाणे मिरवणुकीत शोभते. गेलेल्या माणसाची आठवण मात्र घरात, हलक्या आवाजातच काढावी लागते.

क्लेमां १९०३ साली वारला. पेर लाशेझच्या ज्या दफनभूमीत, एका भिंतीपाशी, त्याच्या साथीदारांना गोळ्या घातल्या होत्या, तेथेच त्याला पुरले. गाणे पुढे चालतच राहिले. १९९६ च्या जानेवारीत माजी राष्ट्राध्यक्ष मितराँ वारले, तेव्हा बास्तीयच्या चौकात जमलेल्या लोकांपुढे बार्बरा हेंड्रिक्स या गायिकेने हेच गाणे म्हटले. भर हिवाळ्याचे दिवस होते, चेरींना अजून चार महिने अवकाश होता.