प्रोलॅक्टिनाधिक्य व अस्थिसुषिरता
मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीच्या अग्रखंडातून स्रवणाऱ्या प्रोलॅक्टिन या हॉर्मोनाचे रक्तातील प्रमाण दीर्घकाळ वाजवीपेक्षा अधिक राहिल्यास हाडांतील खनिज द्रव्य घटून ती सच्छिद्र व ठिसूळ होऊ शकतात. या संबंधाचे ज्ञान वैद्यकास फार उशिरा झाले. कारण हॉर्मोन व हाड या दोहोंच्या अचूक मापनाची साधने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत उपलब्ध नव्हती.

प्रसूतीनंतर दूध येत राहणे व मासिक पाळी बंद होणे या लक्षणांची जोडी यूरोपात १८५५ मध्ये किआरी यांनी व १८८२ मध्ये फ्रॉमेल यांनी वर्णिली. पोष ग्रंथीच्या अर्काने सशांमध्ये दूध येते, हे १९२८ मध्ये श्ट्रिकर व ग्र्यूटर यांनी दाखविले. ऑस्कर रिडल व त्यांच्या सहकाऱ्यांनी पारव्यांवरील प्रयोगांतून १९३३ च्या सुमारास या हॉर्मोनास प्रोलॅक्टिन हे नाव दिले. मानवी प्रोलॅक्टिन हे वृद्धी हॉर्मोनाहून वेगळे असल्याचे मात्र १९७० च्या सुमारास सिद्ध झाले व १९७१ मध्ये फ्रीझेन आणि सहकाऱ्यांनी रक्तातील त्याचे प्रमाण मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. मुंबईत परळ येथील प्रजनन संशोधन संस्थेत ए. आर. शेठ प्रभृतींनी १९७५ मध्ये मानवी वीर्यातही हे हॉर्मोन असल्याचे दाखविले. केवळ स्त्रियांचे हॉर्मोन ही त्याची ओळख त्यामुळे अपुरी ठरली.

साध्या क्ष-किरण चित्रात हाडाचे सु. ३० टक्के खनिज घटेपर्यंत फरक स्पष्ट दिसत नाही. कॅमेरॉन व सोरेन्सन यांनी १९६३ मध्ये फोटॉन-शोषणावर आधारित मापनपद्धती मांडली. तिच्या साहाय्याने बॉस्टन येथे क्लिबान्स्की व सहकाऱ्यांना १९८० मध्ये प्रोलॅक्टिनाधिक्य असलेल्या स्त्रियांत हाडांची घनता कमी आढळली. पुरुषांतही तसेच घडते, हे १९८६ मध्ये दिसून आले. ज्या रुग्ण स्त्रियांची पाळी नियमित होती त्यांची हाडे मात्र सुस्थितीत होती, असे १९८८ मध्ये आढळले.

यावरून मुख्य कारण स्पष्ट झाले. अतिरिक्त प्रोलॅक्टिनामुळे अधोथॅलॅमसाकडून जननग्रंथींना मिळणारी चेतना मंदावते. स्त्रियांत स्त्रीमदजन व पुरुषांत टेस्टोस्टेरोन कमी पडते आणि हाडाची झीज त्याच्या भरणीपेक्षा वेगाने होऊ लागते.

स्तनपानाच्या काळातील प्रोलॅक्टिनवाढ नैसर्गिक असते. त्या काळात मातेच्या कण्याच्या हाडांतील खनिज काही टक्क्यांनी घटते, पण दूध तोडल्यावर ते बहुधा भरून येते. सातारा जिल्ह्यातील मेढा व त्याभोवतीच्या डोंगराळ मुलुखात, तसेच महाराष्ट्राच्या इतर ग्रामीण भागांत, मूल दीर्घकाळ अंगावर पाजले जाते. त्यामुळे दूध तोडूनही पाळी सुरू न झाल्यास ते पाजण्याचेच लांबलेले फळ समजले जाण्याचा संभव असतो. पोष ग्रंथीतील अर्बुद, अवटू ग्रंथीची न्यूनता किंवा काही मनोविकारांवरील व वांतिरोधक औषधे ही खरी कारणे त्यामागे दडून राहतात आणि हाडे कोणत्याही वेदनेवाचून झिजत जातात. पुरुषांत कामेच्छा कमी होणे हे लक्षण संकोचाने सांगितलेच जात नाही. म्हणून अशा रुग्णांची आस्थेने विचारपूस व रक्ततपासणी महत्त्वाची ठरते.

ब्रोमोक्रिप्टीन व कॅबर्गोलीन या औषधांनी बहुतेकांत प्रोलॅक्टिन पूर्वपदावर येते. उपचारांनंतर हाडांची घनता वाढते, परंतु दीर्घकाळ झालेली हानी नेहमीच पूर्णपणे भरून येत नाही. त्यामुळे निदान लवकर होणे अगत्याचे असते.