चूक पायलटची की बटणाची?

विमान सुखरूप उतरलंय. पायलट फ्लॅप वर घ्यायला हात घालतो आणि चाकंच आत जातात! विमान पोटावर घासत थांबतं.

दुसऱ्या महायुद्धात बी-१७ बॉम्बरचं असं वारंवार व्हायचं. खापर पायलटवर. १९४३ मध्ये मानसशास्त्रज्ञ अल्फोन्स चॅपॅनिस यांनी कॉकपिट बघितलं, तर दोन्ही स्विच शेजारी-शेजारी, दिसायला सारखे! त्यांनी एकाला छोटं चाक लावलं, दुसऱ्याला पाचर. आता न बघताही बोटांना फरक कळायचा.

पण धडा सगळ्यांनी घेतला नाही. बीचक्राफ्टच्या बोनान्झा आणि बॅरन या छोट्या विमानांत हे दोन कंट्रोल बराच काळ इतर विमानांच्या उलट बाजूंना होते. सवयीचा हात चुकायचाच. १९८० मध्ये अमेरिकेच्या एनटीएसबीनं अहवालात थेट डिझाइनवर बोट ठेवलं.

‘मानवी चूक’ असं ऐकलंत, की आधी विचारा: बटण कुठं होतं?