एकच गिऱ्हाईक : विमानांच्या कारखान्याची भागीदारी



आमच्या नरखेड तालुक्यांत आंबिया बहाराचीं संत्रीं झाडावर भरलीं कीं बगीचे पाहण्यासाठीं व्यापारी फिरूं लागतात. चार व्यापारी आले तर बागाइतदाराला आपला भाव सांगतां येतो; एकच आला तर तो देईल तें पदरांत घ्यावें लागतें. तरी बागाइतदाराला एवढा दिलासा असतो कीं, येथला सौदा फिसकटला तर माल नागपूरच्या बाजारांत नेतां येईल. आज ज्या धंद्याविषयीं मी बोलणार आहें, त्याला तोहि दिलासा नाहीं. लढाऊ विमानें करणाऱ्या कारखान्याला घरचें गिऱ्हाईक एकच असतें, आणि तें म्हणजे सरकार. बाहेरच्या देशाला माल विकावयाचा, तर त्यालाहि सरकारचीच परवानगी लागते. अशा धंद्यांत भांडवल कोण घालतो, जमीन कोण देतो, नकाशे कोणाचे असतात आणि अखेर सत्ता कोणाच्या हातीं जाते, हें आपल्याच एका महाराष्ट्रीय उद्योगपतीच्या उदाहरणावरून पाहूं.

शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म सोलापुरास १८८२ सालीं झाला. रेल्वेच्या ठेकेदारीपासून त्यांनीं आरंभ केला. १९१९ सालीं सिंदिया कंपनी काढून परकीय जहाज कंपन्यांशीं त्यांनीं सामना दिला, आणि पुढें साखरेच्या धंद्यांतहि नांव मिळविलें. १९३९ सालीं ते मोटारींच्या कारखान्याच्या खटपटीनें अमेरिकेस गेले होते. परततांना, पॅसिफिक महासागर ओलांडणाऱ्या विमानांत त्यांची गांठ विल्यम पॉली ह्या अमेरिकन गृहस्थांशीं पडली. पॉली हे चीनमध्यें विमानांचे भाग जोडण्याचा कारखाना चालवीत होते. जें चीनमध्यें होतें तें हिंदुस्थानांत कां होऊं नये, हा विचार वालचंदांच्या मनांत तेथेंच मूळ धरून बसला.

प्रथम सरकारनें फारसा उत्साह दाखविला नाहीं. परंतु १९४० च्या जूनमध्यें फ्रान्सचा पाडाव झाला आणि पारडें फिरलें. त्याच वर्षाच्या २३ डिसेंबर रोजीं बंगळूर येथें ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ ही कंपनी नोंदली गेली.

ह्या कंपनीची रचना लक्षांत घेण्यासारखी आहे. म्हैसूर संस्थाननें जमीन दिली आणि भांडवलांतहि वांटा उचलला; सर मिर्झा इस्माईल हे त्या वेळीं तेथें दिवाण होते. वालचंद व त्यांचे सहकारी यांनीं भांडवल आणि व्यवस्था पत्करली. यंत्रें, नकाशे आणि जाणते कारागीर पॉलींच्या मार्फत अमेरिकेहून आले. विमानांची मागणी तेवढी सरकारची. म्हणजे जमीन एकाची, पैसा दुसऱ्याचा, विद्या तिसऱ्याची आणि बाजार चौथ्याचा, अशी ही चौकडी होती. लवकरच, १९४१ सालीं, चौथ्या गड्यानेंहि भांडवलांत भाग घेतला. गिऱ्हाईकच भागीदार झालें. बाहेरून पाहणाऱ्याला ह्यांत कंपनीची पत वाढलेली दिसली असेल. आणि ती वाढलीहि. परंतु ज्याच्याकडून दाम यावयाचा तोच घरांत येऊन बसल्यावर भावाची बोलणी कोणीं कोणाशीं करावयाची, हा प्रश्न त्याच दिवशीं उभा राहिला.

काम मात्र झपाट्यानें झालें. १९४१ च्या ऑगस्टमध्यें हार्लो जातीचें शिकाऊ वैमानिकांचें विमान बंगळुराहून उडालें, आणि १९४२ च्या जुलैंत कर्टिस हॉक हें लढाऊ विमान उडालें. पण मध्यंतरीं जगाचा रंग पालटला होता. डिसेंबर १९४१ मध्यें जपान युद्धांत उतरलें, फेब्रुवारींत सिंगापूर पडलें आणि एप्रिलमध्यें विशाखापट्टणमवर बाँब पडले. त्याच एप्रिल महिन्यांत हिंदुस्थान सरकारनें वालचंद व त्यांचे सहकारी यांचे भाग विकत घेऊन कारखाना आपल्या हातीं घेतला. संस्थाननें आपला भाग ठेवला, परंतु कारभार सरकारकडे सोंपविला. १९४३ सालीं अमेरिकन हवाई सेनेनें तेथें आपलें ठाणें दिलें आणि युद्ध संपेपर्यंत कारखान्यांत मुख्यतः विमानांची दुरुस्ती चालली. ज्याच्या डोक्यांतून हा कारखाना निघाला, तो उद्योगपति दीड वर्षाच्या आंतच त्याच्या बाहेर पडला.

ह्यांत अन्याय झाला कीं निकड होती, ह्याचा निवाडा मी करूं इच्छीत नाहीं. शत्रु दाराशीं असतां कोणतेंहि सरकार शस्त्रांचा कारखाना दुसऱ्याच्या मर्जीवर ठेवीत नाहीं, हें खरें. वालचंदांची कल्पना आणि हिंमत नसती तर ताब्यांत घेण्याजोगा कारखानाच नसता, हेंहि तितकेंच खरें. आपण पाहावयाचें तें एवढेंच कीं, ह्या घडामोडींतून मागें उरलें काय?

मागें उरलीं माणसें. कोल्हापूरकडचे डॉ. विष्णु माधव घाटगे हे जर्मनींत गटिंगेन येथें प्राध्यापक प्रांटल यांच्या हाताखालीं शिकून आले होते. ते ह्या कारखान्यांत आले, आणि बंगळूरच्या विज्ञानसंस्थेंत १९४२ सालीं विमानविद्येचा विभाग निघाला तेव्हां तेथें शिकविण्याचें कामहि त्यांनीं केलें. त्यांच्या नेतृत्वाखालीं आंखलेलें ‘एच. टी. २’ हें विमान १९५१ सालीं उडालें. मालक बदलले, करार संपले, अमेरिकन परत गेले. परंतु येथें शिकलेला हात आणि आंखणारें डोकें येथेंच राहिलें. भागीदारीचा खरा नफा मला हाच वाटतो.

पुढचा टप्पा १९६३-६४ चा. रशियाच्या परवान्यानें मिग-२१ विमानें करण्यासाठीं सरकारनें ‘एरोनॉटिक्स इंडिया’ ही दुसरी कंपनी काढली, आणि १ ऑक्टोबर १९६४ रोजीं दोन्ही एकत्र करून ‘हिंदुस्थान एरोनॉटिक्स’ ही आजची कंपनी झाली. कामाची वांटणी अशी : विमानाचा सांगाडा नाशिकजवळ ओझर येथें, इंजिन ओडिशांतील कोरापुट येथें आणि विद्युत्‌-उपकरणें हैदराबादेस. एकान्नकुटुंबांत शेत एका भावानें पाहावें, गुरें दुसऱ्यानें आणि बाजार तिसऱ्यानें, तशी ही व्यवस्था. प्रत्येकाचा हात आपल्या कामांत बसतो, हा तिचा गुण. एकाचें काम अडलें कीं तिघांचें अडतें, हा दोष.

परवान्याचें काम पायरीपायरीनें चालतें. प्रथम बाहेरून आलेले भाग नुसते जोडावयाचे, मग कांहीं भाग येथें करावयाचे, आणि शेवटीं कच्च्या मालापासून आरंभ करावयाचा. परंतु कसें करावें हें शिकणें वेगळें आणि असेंच कां करावें हें समजणें वेगळें. जर्मन आंखणीकार कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनानें बंगळुरास झालेलें ‘मारुत’ हें लढाऊ विमान १९६१ सालीं उडालें. सांगाडा उत्तम होता, पण त्याला साजेसें बळकट इंजिन मिळालें नाहीं, आणि तें विमान अखेरपर्यंत अपेक्षित वेग गांठूं शकलें नाहीं. आज ‘तेजस’ विमान आपलें आहे, परंतु त्याचें इंजिन अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीचें. त्याच्या नव्या प्रकारासाठीं इंजिनें वेळेवर आलीं नाहींत, आणि विमानें हवाई दलाच्या हातीं पडण्यास विलंब झाला. साठ वर्षांनंतरहि दुखणें तेंच आहे.

आतां आपल्या नागपुराकडे वळूं. सरकारी दारूगोळ्याचे व शस्त्रांचे देशभरचे ४१ कारखाने एका मंडळाखालीं होते. १ ऑक्टोबर २०२१ पासून ते सात कंपन्यांत वांटले गेले. अंबाझरीचा कारखाना ‘यंत्र इंडिया’ ह्या कंपनीकडे आला आणि तिची मुख्य कचेरीहि नागपुरासच आहे. भंडारा व चांदा येथील कारखाने पुण्याच्या ‘म्युनिशन्स इंडिया’कडे गेले. कंपन्या सात झाल्या, पण मालक एकच आणि मुख्य गिऱ्हाईकहि तेंच. मिहानमध्यें २०१७ सालीं फ्रान्सच्या दासो कंपनीनें रिलायन्सशीं भागीदारी मांडली, तेव्हां देशी वांटा शेंकडा ५१ आणि परदेशी ४९ होता.

अशा बातम्या वाचतांना आपण ५१ आणि ४९ ह्या आंकड्यांवरच नजर ठेवतों. ते आंकडे मालकी सांगतात. विद्या कोठें राहील तें सांगत नाहींत. म्हैसूरची जमीन आणि वालचंदांचा पैसा मिळून कारखाना पूर्ण देशी भांडवलाचा होता, तरी नकाशे परक्यांचेच होते. म्हणून विचारावयाचे प्रश्न निराळे आहेत. नकाशा कोणाच्या कपाटांत राहणार? त्यांत बदल करण्याचा अधिकार कोणाला? इंजिन कोठून येणार? आणि दहा वर्षांनीं परका भागीदार निघून गेला, तर आपल्या मुलांना काय करतां येत असेल?

नरखेडच्या स्टेशनावरून नागपूरकडे कामासाठीं जाणारीं मुलें मी पाहतों. त्यांच्यांतल्या एखाद्यास उद्यां अशा कारखान्यांत जागा मिळाली, तर त्याच्या आईबापांना पगाराचा आनंद होईल, आणि तो व्हावाच. माझें त्या मुलाला एवढेंच सांगणें आहे : बाळ, भाग जोडतांना तो भाग तसाच कां केला आहे, हें रोज एकदां तरी विचारीत जा. वालचंदांच्या हातून कारखाना गेला. घाटग्यांच्या हातची विद्या मात्र कोणाला विकत घेतां आली नाहीं.