जपानी मेंदूज्वर : तळटीप

* मेंदूज्वर : येथे अभिप्रेत असलेला जपानी मेंदूज्वर हा विषाणुजन्य आजार भातखाचरांच्या साचलेल्या पाण्यात वाढणाऱ्या, सोंडेवर फिकट पट्टा असलेल्या क्युलेक्स डासांमुळे पसरतो. त्याचा विषाणू बगळ्यांसारखे पाणपक्षी व डुकरे यांच्यात वाढतो. माणसाच्या रक्तात मात्र तो इतका अल्प असतो की रुग्णाला चावलेल्या डासामुळे दुसऱ्याला लागण होत नाही. भारतात त्याची ओळख १९५५ मध्ये वेल्लोर भागात पटली, तर महाराष्ट्रात भंडारा-गोंदियाचा भातपट्टा त्यासाठी विशेष परिचित आहे. बहुतेकांना लक्षणेच दिसत नाहीत, परंतु मेंदूला सूज आलेल्या रुग्णांपैकी सुमारे २० ते ३० टक्के दगावतात आणि वाचलेल्यांपैकी अनेकांना कायमचे अपंगत्व येते. म्हणून शेत-तळ्यांच्या गावात ताप, झटके आणि हरपलेली शुद्ध ही लक्षणे एकत्र दिसताच रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात न्यावे. तेथे हिवताप व जिवाणूजन्य मेंदूआवरणदाह यांची शक्यता तपासली जाते आणि कमरेतून सुई घालून काढलेल्या मेंदू-मज्जाद्रवात ‘आयजीएम’ प्रतिपिंडे, म्हणजे नव्या संसर्गाची खूण असलेली प्रथिने, शोधली जातात. हा द्रव फार लवकर घेतल्यास चाचणी नकारात्मक येऊ शकते, त्यामुळे ती पुन्हा करावी लागते. विषाणूवर थेट औषध नसल्याने श्वासमार्ग मोकळा ठेवणे, झटके थांबवणे व मेंदूवरील दाब उतरवणे हेच उपचार ठरतात; खरे संरक्षण मिळते ते जोखमीच्या जिल्ह्यांत बालकांना दिल्या जाणाऱ्या दोन मात्रांच्या लसीने. — संपा.